मोठ्या बाईंची शेगडी

"आधी हात लाव, मग तोंड उघड."

हे वाक्य कानावर पडलं नाही असा एक दिवस आमच्या शाळेत गेला नसेल. मूल काही विचारायला आलं की मोठ्या बाई दोन्ही हात पदराला पुसायच्या आणि हे म्हणायच्या. "बाई, बर्फ आधी वितळतो की मेण?" आधी हात लाव, मग तोंड उघड. "बाई, गांडुळाला डोळे असतात का?" तेच. एकदा हेडसरांनी विचारलं, "बाई, पावसाआधी छपराकडं बघायला लागेल का हो?" तर सवयीनं त्यांनाही तेच म्हणाल्या आणि मग जीभ चावली.  संध्याकाळी हेडसर शिडी लावून वर चढले. दोन पत्रे सैल निघाले.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका नव्हेत. त्या चांगल्या उंच होत्या, म्हणून मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची. नाशिकला सातपूरकडच्या आमच्या छोट्या प्राथमिक शाळेत एकूण सहा शिक्षक. बाहेरून आलेला माणूस हेडसरांना ओलांडून थेट बाईंनाच नमस्कार करायचा, आणि हेडसर टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसायचे. मी त्या शाळेत नव्यानं लागले तेव्हा मुलांनी माझंही नाव ठरवून टाकलं, नव्या बाई. पुढं मी जुनी झाले तरी ते बदललं नाही.

माझी दुसरी आणि त्यांची तिसरी शेजारी शेजारी. मधे प्लायवूडचं पार्टिशन. माझ्या वर्गात पाढे चालायचे आणि पलीकडं हातोडी. मी बाराखडी घ्यायला लागावं आणि पलीकडून तीस मुलांनी एकदम "बुडालं!" म्हणून ओरडावं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा तक्रार घेऊन गेले. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातात एक बटाटा दिला आणि म्हणाल्या, "हा मिठाच्या पाण्यात टाक बरं." दुसऱ्यांदा गेले तेव्हा वर्ग रिकामा होता.

तिसरीची मुलं वऱ्हांड्यात ओळीनं आडवी झोपली होती, उरलेली कडेला उभी. एकाच्या डोक्याला दुसऱ्याचे पाय, दुसऱ्याच्या डोक्याला तिसऱ्याचे. मोठ्या बाई वरून चालत मोजत होत्या. वऱ्हांडा नऊ मुलं आणि एक दप्तर एवढा लांब निघाला. तसं वहीत लिहिलंही गेलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुझी दुसरी आण."

माझी दुसरी बुटकी. ती झोपली तर अकरा मुलं लागली. झालं, दोन वर्गांत भांडण. "तुम्ही खोटं मोजलं!" "तुम्ही पाय दुमडले!" मोठ्या बाई शांतपणे खांबाला टेकून उभ्या. म्हणाल्या, "दोघंही खरं बोलताय. मग आता काय करायचं?"

 मग मागून एक किडकिडीत मुलगी म्हणाली, "बाई, एकच पोर ठरवू. सगळीकडं तिलाच झोपवू."

"आणि ती आजारी पडली तर?"

मुलीनं विचार केला. "मग आधीच तिच्याएवढी काठी तोडून ठेवू."

मोठ्या बाई एवढ्या खूश झाल्या की तोंडून अहिराणीच निघाली, "हाई काय शे व माय!" त्या सटाण्याकडच्या. फार आनंद झाला किंवा फार राग आला की शहरी मराठी गळून पडायची. मग त्यांनी कपाटातून मीटरची लाकडी पट्टी काढली आणि मुलांसमोर धरली. "ही बघा. ही काठी कुणीतरी आधीच तोडून ठेवलीय."

मीटर म्हणजे काय हे मी डी.एड.ला दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. ते का लागतं, हे मला त्या दिवशी वऱ्हांड्यात कळलं. त्या किडकिडीत मुलीचं नाव कावेरी. ते लक्षात ठेवा, ती पुढं येणार आहे.

बाईंचं फक्त कौतुक करत बसले तर त्या मलाच रागावतील. त्यांच्यात खोडीही होत्या. त्यांचं कपाट उघडलं की वास यायचा. भिजवलेली कडधान्यं, शेण, गंजलेले खिळे, कुणाच्या तरी डब्यातलं आंबलेलं पीठ. दुसऱ्याची वस्तू घेताना विचारायची पद्धत त्यांना माहीत नव्हती. माझी कात्री गेली, डब्याचं झाकण गेलं. एकदा छत्री गेली. छत्रीच्या काड्या कशा उघडतात ते मुलांना दाखवायचं होतं म्हणे. परत आली तेव्हा एक काडी कमी. मी तोंड पाडल्यावर म्हणाल्या, "सात काड्यांवर उघडते का ते बघ की. आठवीची गरज आहे का नाही ते तरी कळेल." उघडायची. पण एका खांद्यावर पाऊस पडायचा.

आता सगळीकडं अनुभवातून शिक्षण, कृतीतून शिक्षण असं चाललेलं असतं. तुमच्यापैकी जे शिक्षक असतील त्यांनी ती प्रशिक्षणं केलीच असतील. आम्हालाही गंगापूर रोडवरच्या एका थंडगार हॉलमध्ये बसवलं होतं. पडद्यावर बी रुजण्याचे टप्पे दिसत होते. मागच्या रांगेतून मोठ्या बाईंनी हात वर केला.

"सर, बी कुठंय?"

"पुढच्या स्लाइडवर आहे, मॅडम."

बाईंनी पर्स उघडली, ओल्या रुमालात बांधलेली मटकी काढली आणि रांगेतून पुढं पाठवून दिली. मोड बोटभर आले होते. हॉलभर वास सुटला. काही जणी हसल्या. पण ते सर मनानं चांगले. माइक ठेवून खाली आले, एक दाणा उचलून चष्म्यासमोर धरला आणि म्हणाले, "कधी भिजवलीत?" पुढचा अर्धा तास पडदा नुसताच चालू होता.

आमच्या शाळेतली बहुतेक मुलं कारखान्यातल्या कामगारांची. बाप शिफ्टला, आई कुठं पॅकिंगला, कुठं घरकामाला. मुलानं शिकावं म्हणजे त्याची वही भरलेली असावी, असं त्यांना वाटायचं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. एकदा एका मुलाचे वडील वही घेऊन आले. लेथवर टर्नर होते. पहिली पाळी संपवून थेट आलेले, हाताला तेलाचा वास.

"बाई, जून ते सप्टेंबर. पाच पानं. बाकी कोरी."

मोठ्या बाईंनी वही चाळली. "तुम्ही लेथ कुठं शिकलात?"

"मशीनवर."

"तेव्हा वहीत काय लिहिलं होतं?"

त्यांनी वही परत हातात घेतली. मग म्हणाले, "पण बाई, आमचं लिहिणं-वाचणं तसंच राहिलं म्हणूनच..."

"कळलं मला," बाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला. "लिहायला लागेल तो. मी लिहायला लावीन. पण त्याच्याकडं लिहिण्यासारखं काहीतरी असू द्या की आधी. शनिवारी सुट्टी आहे का तुम्हाला?"

शनिवारी ते आले ते कारखान्यातलं बारीक मापाचं व्हर्नियर घेऊन. मुलांच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी तपासल्या. शाळेची ती मीटरची लाकडी पट्टी टोकाला झिजून दोन मिलिमीटर कमी भरली. वर्ग सुन्न झाला. पट्टी चुकीची असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टर्नर म्हणाले, "आमच्याकडं एवढं चुकलं तर जॉब रिजेक्ट, अख्खा तुकडा भंगारात." मग महिनाभर वर्गात सगळंच रिजेक्ट होत होतं. वाकडी रेघ रिजेक्ट, कच्ची पोळी रिजेक्ट. एका मुलानं हेडसरांची सहीसुद्धा रिजेक्ट केली, रेघेच्या खाली गेली म्हणून. त्या टर्नरच्या मुलाची वही मार्चपर्यंत भरली आणि दुसरी लागली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडं येते.

मुलं चौथीत गेली, बाईही त्यांच्याबरोबर चौथीत गेल्या. जानेवारी होता, नाशिकची चांगली बोचरी थंडी होती. धान्यापासून ताटापर्यंत असा त्यांचा बेत दोन आठवडे चालला होता. मुलांनी बाजरी पाखडली, निवडली, कुणाच्या तरी घरून आणलेल्या लहान जात्यावर दळली. शेवटच्या दिवशी भाकरी. भाकरी का फुगते, आणि कधी कधी का फुगत नाही, हा प्रश्न होता. मैदानात लिंबाखाली तीन शेगड्या मांडल्या. एकीजवळ मोठ्या बाई, दुसरीजवळ पोषण आहाराच्या ताई, तिसरीजवळ मी. मुलांना बजावलेलं होतं, थापायचं तुम्ही, तव्यावर टाकायचं आणि उलटायचं मोठ्यांनी.

माझा फोन वाजला. घरून होता. माझा साखरपुडा ठरला होता आणि साडीचा रंग कुठला घ्यायचा यावर आई आणि मावशीचं जमत नव्हतं. मैदानात गलका होता, ऐकू येईना, म्हणून मी वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेले. दोन मिनिटं. मी आजही दोनच म्हणते. कदाचित चार असतील.

किंचाळी ऐकून वळले तेव्हा तवा कलंडलेला होता आणि कावेरी उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती.

मोठ्या बाई माझ्याआधी पोचल्या. एवढ्या वयाचं माणूस एवढं धावताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला उचललं, नळाखाली हात धरला आणि धरूनच ठेवला. हेडसर कुठूनसं टूथपेस्ट घेऊन आले, त्यांच्यावर ओरडल्या, "काही लावायचं नाही! पाणी!" मग रिक्षा, दवाखाना. तळवा आणि दोन बोटं भाजली होती. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, पण वेळ लागेल.

मी शाळेतच थांबले. शेगड्या विझवल्या, मुलांना वर्गात बसवलं. शेगडीजवळ कोण होतं, असं त्या गडबडीत मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो फिरला. शाळा आहे की खानावळ, असं कुणीतरी लिहिलं. खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मोठ्या बाईंना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "बाई, हे सगळं आता बंद. फळा आहे, खडू आहे, पुस्तक आहे. तेवढ्यात काय होईल ते करा. आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसला खुलासा द्यायचाय."

पार्टिशनच्या पलीकडची हातोडी थांबली. एका मुलाचा वाचण्याचा आवाज यायचा, मग दुसऱ्याचा. मला पाहिजे होती तशी शांतता होती आणि त्या शांततेत मला एक पाढा नीट घेता येईना. एकदा दारातून डोकावले. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना खुर्चीत बसलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. त्या सांगत होत्या, "लिहा. भाकरी फुगते, कारण आतल्या पाण्याची वाफ होते." मुलं लिहीत होती.

खुलासा टाइप करायला त्या माझ्याकडंच आल्या, कारण शाळेतला संगणक चालवणारी मीच. शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. दिनांक, विषय, वर्ग. मग म्हणाल्या, "शेगडीजवळ मोठं माणूस असायला हवं होतं."

माझी बोटं थांबली.

"टाइप कर. 'ते नव्हतं.' पूर्णविराम."

"बाई..."

"'नियोजन माझं होतं. म्हणून जबाबदारी माझी आहे.' झालं. काढ प्रिंट."

"बाई, तिथं मी होते. मी फोन घ्यायला गेले होते."

"माहितीये मला." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, पडद्याकडं बघत होत्या. "तीन शेगड्या आणि मोठी माणसं तीनच. एकाला शिंक आली तरी शेगडी उघडी पडते. चौथं माणूस ठेवायला पाहिजे होतं, ते मला सुचलं नाही. तेवढं माझंच आहे."

"मी आत्ता जाऊन हेडसरांना सांगते."

"तुझी नोकरी अजून कच्ची आहे. माझी दोन वर्षं राहिलीत. आणि हेडसरांना सांगून कावेरीची बोटं बरी होणारेत का?" मग पहिल्यांदा वळून माझ्याकडं पाहिलं. "सांगायचंच असेल तर तिला सांग."

त्या ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला तेवढी सवलत दिली नाही.

कावेरी आठवड्यानं शाळेत आली. मधल्या सुट्टीत ती पायरीवर एकटी बसून डाव्या हातानं डबा खात होती. मी शेजारी बसले. मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले आणि नुसतंच म्हणाले, "कावेरी, त्या दिवशी शेगडीजवळ मी थांबायला हवं होतं. मी गेले. चूक माझी होती."

तिनं घास गिळला. "मला माहितीये, बाई. तुम्ही फोनवर होता. मी दोनदा हाक मारली. भाकरी फुगायला लागली होती आणि करपली असती, म्हणून मीच उलटायला गेले."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "सगळे विचारत होते दुखतंय का."

मग तिनंच मला विचारलं, "बाई, फुगली होती का हो पूर्ण? मला बघायला नाही मिळालं."

मी सांगू शकले नाही, कारण मीही पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. एरवी वीस-पंचवीस लोक यायचे, त्या दिवशी हॉल भरला. कावेरीची आई पुढच्याच रांगेत. दिंडोरीकडची बाई, पॅकिंगच्या कामावरून तशीच आलेली, डोक्याचा रुमालसुद्धा काढला नव्हता. हेडसरांनी सुरुवात केली की झाल्या प्रकाराबद्दल शाळा दिलगीर आहे, संबंधित शिक्षिकेनं लेखी जबाबदारी स्वीकारली आहे, असे उपक्रम कायमचे बंद करण्यात आले आहेत. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांची मान खाली नव्हती, पण चेहरा उतरला होता.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "सर, त्या शेगडीजवळ माझी नेमणूक होती," मी म्हणाले. "मी फोन घ्यायला बाजूला गेले. तेव्हा हे झालं. मोठ्या बाईंनी कागदावर माझं नाव घातलं नाही. मीही इतके दिवस गप्प राहिले."

हॉलमध्ये कुजबुज उठली. एक जण मागून म्हणाला, "मग यांच्यावर कारवाई करा." हेडसरांनी कपाळाचा घाम पुसला. मोठ्या बाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या, पण कावेरीची आई आधी उठली.

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि तिनं बोलावंच.

"बाई, तुमचं चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"लय चुकलं."

"हो, ताई."

मग ती हेडसरांकडं वळली. "पन सर, तुम्ही शेगडी बंद केली ती कोनाला विचारून? माझ्या पोरीनं घरी रोज चुलीवर हात भाजून घेतलेत, तवा कोनी अर्ज केला नाय. मी सकाळी सातला जाती. ती सहावीपासून सैपाक करनारच हाय. हितं निदान कोनी शिकवीत तरी हुतं. आता ती घरी येऊन काय म्हनती, माहितीये? म्हनती, आई, आता साळंत नुसतं लिहायचं." तिनं रुमाल काढून हातात घेतला. "हात बरा होतोय तिचा. तुम्ही चालू करा. फकस्त या नव्या बाईंनी फोन गेटावर ठेवून यायचा."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी हसले नाही, मला हसता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत माझा फोन शाळा सुटेपर्यंत शिपाईमामांच्या ड्रॉवरमध्ये असतो. मागून टर्नर उठले. म्हणाले, "शेगडीजवळ माणूस कमी पडत असेल तर माझी दुसरी पाळी असते तेव्हा सकाळी मी येतो. नाव लिहा." आणखी तिघांनी नावं दिली.

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. दोन पालकांनी मुलं जूनमध्ये दुसरीकडं घातली. मोठ्या बाईंना ऑफिसकडून लेखी ताकीद आली, मलाही आली, आणि माझी नोकरी पक्की व्हायला त्यामुळं वर्षभर उशीर झाला. तो उशीर मला जड गेला नाही. साखरपुड्याची साडी शेवटी कुठल्या रंगाची घेतली ते मात्र आज मला आठवत नाही.

मोठ्या बाईंनी त्यांची ताकीद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. "शेगडी काढायच्या आधी वाचायची," म्हणाल्या. वाचूनच काढायच्या.

पुन्हा सुरुवात झाली ती भाजल्यावर काय करायचं या धड्यापासून. मुलं जोड्या करून नळाखाली एकमेकांचे हात धरून उभी. थंडीत पाणी बर्फासारखं. "अजून किती वेळ, बाई?" "दुखणं थांबेपर्यंत, आणि नंतरही." हेडसरांना मुद्दाम बोलावून टूथपेस्टचं प्रकरण मुलांकडून समजावून देण्यात आलं. त्यांनी ते चांगल्या मनानं ऐकून घेतलं.

मग शेगड्या आल्या. आता तीन शेगड्यांना पाच मोठी माणसं. आणि एका शेगडीची व्यवस्था कावेरीकडं. हाताला अजून पातळ पट्टी होती, त्यामुळं तिला थापायला बंदी. तिनं खडूनं शेगडीभोवती गोल आखला आणि आत एका वेळी एकच जण सोडत होती. हेडसर बघायला आले तर त्यांना म्हणाली, "सर, गोलाच्या मागं व्हा." हेडसर मागं झाले.

मी त्याच शेगडीजवळ होते. तव्यावर टाकलेली भाकरी उलटली, पुन्हा उलटली, आणि मग ती कडेनं उचलायला लागली. गोलाबाहेरची मुलं श्वास धरून होती. भाकरी टम्म फुगली. कावेरीनं ती पूर्ण फुगेपर्यंत पापणी हलवली नाही. मोठ्या बाई तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि सटाण्याजवळच्या गावी भाचीकडं राहायला गेल्या. चौथीचा वर्ग माझ्याकडं आला. कपाटही आलं. मी ते धुऊन काढलं, तरी वास पूर्ण गेला नाही, आणि आता मीही त्यात भर घालत असते.

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. त्या गेल्या होत्या. सकाळी उठवायला गेली तर उठल्या नाहीत, बाकी काही त्रास नव्हता, असं ती म्हणाली. मी मुलांना सांगितलं. या मुलांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. तरी एका मुलीनं विचारलं, "त्या कशा होत्या?" मी उंची दाखवायला हात वर केला आणि बराच वेळ हात वरच राहिला.

त्याच्या आधीच्या दिवाळीत मी त्यांच्या गावी गेले होते. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या तेव्हा. एसटीतून उतरून मी गावच्या रस्त्यानं चालत होते. दोन्ही बाजूला कांद्याची लागण झालेली होती. समोरून एक उंच म्हातारी सायकलवर येत होती. पदर कमरेला खोचलेला, पांढरी वेणी सुटलेली, हँडल दोन्हीकडं हेलकावे खातंय. मागून कॅरिअर धरून भाची धावत होती, पण तिची पकड कधीच सुटली होती आणि बाईंना ते कळलेलं नव्हतं. कळलं असतं तरी फरक पडला नसता.

"नव्या बाई!" त्या लांबूनच ओरडल्या.

मी हात वर केला.

"बाजूला हो, बाजूला हो! ब्रेक उद्या शिकणारेय!"

मी उडी मारून कडेला झाले. त्या माझ्या शेजारून सुसाट पुढं गेल्या. भाची माझ्यापाशी येऊन कमरेवर हात ठेवून थांबली. तिला बोलताही येत नव्हतं एवढा दम लागला होता. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून बघत होतो. पुढं उतार होता. उतार लागला तरी त्या पायडल मारतच होत्या.